मूनलाइट : वगळलेल्या वर्षांची प्रेमकथा

बॅरी जेंकिन्स यांनी दिग्दर्शित केलेला ‘मूनलाइट’ हा २०१६ सालचा अमेरिकन चित्रपट शायरॉन नावाच्या एका कृष्णवर्णीय मुलाच्या आयुष्यातले तीन टप्पे दाखवतो : तो नऊ-दहा वर्षांचा असताना, सोळा वर्षांचा असताना आणि विशी सरत आलेली असताना. या टप्प्यांच्या मधली वर्षे चित्रपटात नाहीत. त्या वर्षांत त्याच्या अत्यंत जवळच्या माणसाचा मृत्यू होतो, तो स्वतः बंदिवासात जाऊन येतो, त्याचे शहर बदलते, शरीर ओळखू येणार नाही इतके बदलते, आणि यांपैकी काहीही पडद्यावर येत नाही. समलिंगी मुलाच्या वयात येण्यावरचे चित्रपट आता दुर्मीळ राहिलेले नाहीत. त्यांतले बरेचसे स्वतःची ओळख पटणे, ती घरी सांगणे आणि मग मिळणारा स्वीकार किंवा नकार अशा ठरलेल्या वाटेने जातात. या चित्रपटात घरी सांगण्याचा प्रसंगच नाही. प्रेमकथा म्हणून तो ज्या उंचीवर पोहोचतो, त्यात जे दाखवले आहे त्याइतकाच जे गाळले आहे त्याचाही वाटा आहे असे माझे मत आहे, आणि या परीक्षणात मुख्यतः त्याचाच विचार केला आहे. पुढे कथानकाचा शेवटापर्यंत उल्लेख येणार असल्याने चित्रपट न पाहिलेल्या वाचकांनी तो आधी पाहावा हे उत्तम.

कथा घडते ती फ्लोरिडा राज्यातल्या मायामी शहरात, लिबर्टी सिटी या वस्तीत. तेथील लिबर्टी स्क्वेअर ही सरकारी घरांची वसाहत १९३७ साली कृष्णवर्णीय कुटुंबांसाठी उभारली गेली, आणि १९८० च्या दशकात क्रॅक कोकेनच्या लाटेने या परिसराची वाताहत केली. ज्यांच्या लेखनावर चित्रपट आधारलेला आहे ते नाटककार टॅरेल ॲल्विन मॅक्रेनी आणि जेंकिन्स हे दोघेही याच परिसरात वाढले. दोघांच्याही आईला व्यसनाने ग्रासले होते, आणि तरीही लहानपणी त्यांची एकमेकांशी ओळख नव्हती. मॅक्रेनी स्वतः समलिंगी आहेत, जेंकिन्स नाहीत. मॅक्रेनी यांच्या मूळ संहितेत शायरॉनची तिन्ही वये एकाच वेळी समोर चालत, आणि ही तीन माणसे नसून एकच आहे हे प्रेक्षकाच्या हळूहळू लक्षात येई. ही तीन वये सुटी करून एकापुढे एक ठेवण्याचा आणि त्यांच्यामध्ये मोकळी जागा सोडण्याचा निर्णय जेंकिन्स यांचा. पटकथेतला सर्वांत मोठा निर्णय हाच आहे.

पहिल्या भागाचे नाव ‘लिटल’; लहानग्या शायरॉनला सगळे याच टोपणनावाने ओळखतात. मुले मागे लागल्याने एका ओसाड घरात लपलेल्या या अबोल मुलाला हुआन नावाचा माणूस बाहेर काढतो, जेवू घालतो आणि टेरेसा या आपल्या जोडीदारणीकडे घेऊन जातो. हुआन मादक द्रव्यांचा व्यापार करतो. महर्शला अली यांनी ही भूमिका अशी केली आहे की त्याचे मार्दव आणि त्याचा धंदा या दोन गोष्टी एकमेकींना कापत नाहीत. दोन्ही एकाच माणसाच्या आहेत, आणि त्या एकत्र असण्याची किंमत कोणीतरी लहान मूल मोजते आहे, हे त्याला स्वतःला कळते. समुद्रात मुलाला पोहायला शिकवण्याचा प्रसंग बहुतेकांच्या लक्षात राहतो. छायाचित्रकार जेम्स लॅक्स्टन यांनी कॅमेरा पाण्याच्या पातळीवर ठेवला आहे, त्यामुळे लाटा भिंगावर येऊन आदळतात आणि आपणही अर्धे पाण्यात असतो. हुआनचा तळहात मुलाच्या डोक्याखाली आहे. मुलाने सैल व्हावे, आपला भार दुसऱ्याच्या हातावर सोडावा, एवढेच तो मागतो. हा तळहात ध्यानात ठेवावा, कारण पुढच्या दोन्ही भागांत तो वेगवेगळ्या रूपांत परत येतो.

याच भागात केव्हिन भेटतो. गवताच्या मैदानावर मुले कागदाचा चेंडू करून खेळत आहेत, त्या खेळावर मोत्सार्टचे प्रार्थनासंगीत वाजते आहे, आणि बाजूला पडलेल्या लिटलला केव्हिन विचारतो की तू सगळ्यांचे असे का सोसतोस. मग दोघे गवतात कुस्ती खेळतात. एवढाच प्रसंग आहे, मिनिटभराचा. त्यात पुढच्या प्रेमाची सूचना आहे असे म्हणता येईल, पण दिग्दर्शक ती ठळक करत नाही. खेळून दमलेल्या दोन मुलांचा श्वास तेवढा ऐकू येतो.

पहिल्या भागाचा शेवट हुआनच्या घरच्या जेवणाच्या टेबलावर होतो. मुलगा तीन प्रश्न विचारतो. इतर मुले आपल्याला जी शिवी देतात तिचा अर्थ काय, हुआन मादक द्रव्ये विकतो का, आणि आपली आई ती घेते का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर हुआन आणि टेरेसा इतक्या शहाणपणाने देतात की मुलांशी या विषयावर कसे बोलावे याचा तो वस्तुपाठच ठरावा : तू समलिंगी असू शकतोस, ते आज ठरवायची घाई नाही, मात्र त्या शब्दाने तुला कोणी हाक मारू द्यायची नाही. उरलेल्या दोन प्रश्नांपुढे मात्र तोच शहाणा माणूस मान खाली घालतो. मुलगा उठून निघून जातो. हुआनला आपण यानंतर पुन्हा पाहत नाही. दुसरा भाग सुरू होतो तेव्हा तो वारलेला आहे. कसा आणि कधी, हे कोणी सांगत नाही. चित्रपटाची पद्धत प्रेक्षकाला येथे प्रथम कळते आणि लागतेही. शोक करायला वेळ मिळत नाही, कारण शायरॉनलाही तो बहुधा मिळाला नसावा.

दुसरा भाग, ‘शायरॉन’, मला तिन्हींत दुबळा वाटतो. शाळेतला दांडगट मुलगा टेरेल, वर्गातला छळ, घरी पैशांसाठी अंगावर येणारी आई हे सर्व खरे आहे, पण या चौकटीतले पुष्कळसे इतर चित्रपटांतून पाहिलेले आहे, आणि टेरेलला छळ करण्यापलीकडे पटकथेने काही दिलेले नाही. या भागाला तोलून धरतात ते शायरॉनची भूमिका करणारे ॲश्टन सँडर्स. खांदे आत ओढून, मान खाली घालून, जणू आपण व्यापलेली जागाही परत करावी अशा रीतीने ते चालतात. रात्रीच्या समुद्रकिनारी केव्हिन आणि शायरॉन वाळूत बसतात, वाऱ्याविषयी बोलतात, रडण्याविषयी बोलतात. त्यानंतरचे चुंबन आणि स्पर्श कॅमेरा बराचसा पाठीमागून पाहतो. वाळू मुठीत घट्ट धरणारा एक हात तेवढा जवळून दिसतो. या प्रसंगात सनसनाटी नाही, तशी संकोचाची टाळाटाळही नाही. केव्हिन त्याला गाडीतून घरी सोडतो, आणि निरोप घेताना दोघांनाही काय बोलावे ते सुचत नाही.

दुसऱ्याच दिवशी टेरेलच्या दबावाखाली केव्हिन त्याच हाताने शायरॉनच्या तोंडावर ठोसे मारतो. खाली पडून राहा, अशी तो मारतानाच विनवणी करतो, आणि शायरॉन प्रत्येक वेळी उठून उभा राहतो. केव्हिनची भूमिका करणाऱ्या जॅरेल जेरोम यांच्या चेहऱ्यावर या क्षणी भीती, लाज आणि हट्ट एकत्र आहेत. नंतर शायरॉन वर्गात जाऊन टेरेलच्या पाठीत खुर्ची घालतो आणि पोलीस त्याला घेऊन जातात. शाळेतल्या समुपदेशक बाई तक्रार करण्याचा सल्ला देतात तेव्हा त्यांना काहीच ठाऊक नाही हे तो म्हणतो, आणि ते खरे आहे. त्यांना मार दिसतो. मारणाऱ्याचा हात आदल्या रात्री कोठे होता, हे त्यांना कसे कळावे?

येथे पुन्हा पडदा काळा होतो. या वेळी दहाएक वर्षे जातात, आणि समोर येतो तो ट्रेव्हान्टे रोड्स यांनी उभा केलेला ‘ब्लॅक’ : पिळदार शरीराचा, दातांवर सोन्याची टोपणे चढवलेला, अटलांटात मादक द्रव्ये विकणारा माणूस. त्याच्या गाडीच्या पुढच्या फळीवर हुआनच्या गाडीत होता तसाच मुकुट आहे. क्षणभर हा तोच मुलगा यावर विश्वास बसत नाही, आणि तसा तो बसू नये हीच दिग्दर्शकाची इच्छा असावी. शायरॉनची भूमिका करणारे ॲलेक्स हिबर्ट, सँडर्स आणि रोड्स हे तिघे चित्रीकरणादरम्यान एकमेकांना भेटणार नाहीत, एकमेकांचे काम पाहणार नाहीत, अशी काळजी जेंकिन्स यांनी घेतली होती. लकबी जुळवून घेण्याचा मार्ग त्यांनी अशा रीतीने बंदच केला. मग सातत्य येते कोठून? नजरेतून. तिघांतही उत्तर देण्यापूर्वी थांबण्याची आणि समोरच्याला पाहून लगेच डोळे वळवण्याची तीच रीत आहे. रोड्स यांचे काम विशेष अवघड होते, कारण त्यांना एक कवचही साकारायचे होते आणि त्याच्या आत जिवंत राहिलेले मूलही. केव्हिनचा अनेक वर्षांनी फोन येतो तेव्हा हे कवच एका क्षणात निरुपयोगी ठरते. आवाज तोच भारदस्त आहे, पण त्यातले शब्द संपलेले आहेत.

केव्हिनकडे जाण्याआधी तो व्यसनमुक्ती केंद्रात आईला भेटतो. पॉलाची भूमिका नेओमी हॅरिस यांनी केली आहे, आणि तिन्ही वयांतला सर्व भाग त्यांनी अवघ्या तीन दिवसांत चित्रित केला हे कळल्यावर या प्रसंगाविषयीचा आदर वाढतो. तू माझ्यावर प्रेम केले नाहीस तरी चालेल, पण माझे तुझ्यावर आहे हे तुला ठाऊक असू दे, असे ती म्हणते. तिला सिगारेट पेटवता येत नाही, तेव्हा तो पुढे होऊन पेटवून देतो. क्षमा हा शब्द चित्रपटाने उच्चारण्याची गरज उरत नाही.

आणि मग मायामीतले ते साधे खानावळीवजा हॉटेल. केव्हिन येथे आचारी आहे; आंद्रे हॉलंड यांनी साकारलेला हा प्रौढ केव्हिन बोलका, थकलेला आणि प्रेमळ आहे. दाराची घंटा वाजते, तो आलेल्या गिऱ्हाइकाला प्रथम ओळखत नाही, आणि ओळखतो तेव्हा त्याचा चेहरा ज्या रीतीने बदलतो तो या चित्रपटातला सर्वांत सुंदर अभिनय आहे असे मी मानतो. तो शायरॉनसाठी स्वतः एक ताट बनवतो. भात, काळा घेवडा, कोंबडी. कॅमेरा या स्वयंपाकाकडे इतक्या सावकाश आणि आदराने पाहतो की आपले प्रेम शब्दांत सांगण्याचे धाडस नसलेला माणूस ते हाताने सांगतो आहे, हे कळायला संवादाची आवश्यकता राहत नाही. जेवण्यासाठी शायरॉनला दातांवरची सोन्याची टोपणे काढून ठेवावी लागतात. हा तपशील किती नेमका आहे! कवचाचा पहिला तुकडा उतरतो तो कोणाच्या आग्रहामुळे नव्हे, समोर अन्न आहे म्हणून.

त्यानंतरचे संभाषण अर्ध्या वाक्यांचे आहे. केव्हिनला मुलगा आहे, मुलाच्या आईशी त्याचे नाते संपले आहे, तोही तुरुंगवास भोगून आला आहे. शायरॉन काय करतो हे ऐकून त्याला वाईट वाटते, आणि ते तो लपवत नाही. मधेमधे गिऱ्हाइके येतात, केव्हिनला उठावे लागते, आणि प्रत्येक वेळी परत येऊन धागा जुळवावा लागतो. अखेर तो गाण्यांच्या यंत्रावर बार्बरा लुईस यांचे १९६३ सालचे ‘हॅलो स्ट्रेंजर’ लावतो. याच गाण्यामुळे त्याला शायरॉनची आठवण होऊन त्याने फोन केलेला असतो. गाणे वाजत असताना दोघे जवळजवळ काहीच बोलत नाहीत. रुंद पडद्यावर दोन चेहरे आणि त्यांच्याभोवतीची रिकामी जागा. घाई कोणालाच नाही. या दृश्याचा संथपणा काही प्रेक्षकांना खटकतो, पण दहा वर्षे गिळून बसलेल्या माणसाला तोंड उघडायला इतका वेळ लागणारच, आणि तो वेळ प्रेक्षकाकडून मागून घेण्याचा हक्क या चित्रपटाने आधीच्या दोन भागांत मिळवलेला आहे.

केव्हिनच्या घरी शायरॉन जे सांगतो त्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे. मला स्पर्श केलेला तू एकटाच पुरुष आहेस, त्यानंतर मी कोणाच्याही जवळ गेलो नाही, असे तो म्हणतो. या एका कबुलीने मधल्या वगळलेल्या वर्षांचा अर्थच पालटतो. आपल्याला वाटत होते की दिग्दर्शकाने दहा वर्षे आपल्यापासून राखून ठेवली, त्या काळात प्रेमाच्या बाबतीत काही ना काही घडले असेल आणि ते आपल्याला दाखवले नाही. प्रत्यक्षात तेथे काहीच नव्हते. गाळलेली वर्षे शायरॉनसाठीही गाळलेलीच होती. कथनाची युक्ती आणि पात्राचे दुःख येथे एक होतात, आणि असे मी फारच थोड्या चित्रपटांत पाहिले आहे. संपूर्ण चित्रपटातले प्रेमाचे स्पर्श मोजावेत तर ते हाताच्या बोटांवर येतील : पाण्यात डोक्याखालचा तळहात, गवतातली कुस्ती, किनाऱ्यावरची रात्र, आणि आता केव्हिनच्या खांद्यावर टेकलेले डोके आणि त्यावर ठेवलेला हात. यांच्यामध्ये एक मार आहे, आणि तोही याच हाताचा. इतक्या थोड्या सामग्रीवर एक माणूस वीस वर्षे जगला, हे चित्रपट बोलून दाखवत नाही. ते आपल्यालाच मोजायला लावतो.

निकोलस ब्रिटेल यांच्या संगीताने हीच रचना कानांनी समजते. टेक्सासमधील ह्यूस्टन शहरात १९९० च्या दशकात डीजे स्क्रू यांनी रूढ केलेल्या पद्धतीत गाण्याची गती आणि पट्टी उतरवून ते जड, घोगरे केले जाते. ब्रिटेल यांनी ही पद्धत पियानो आणि व्हायोलिनच्या संगीतावर वापरली. लिटलच्या वेळची स्वरावली पुढच्या भागांत खालच्या पट्टीत, मंद होऊन परतते. धून तीच, पण वाढत्या वयाने आवाज फुटावा तशी. लॅक्स्टन यांच्या छायाचित्रणातही प्रत्येक भागाला रंगांचा वेगळा बाज आहे. गरिबीच्या चित्रणात सवयीने वापरला जाणारा मळकट करडेपणा येथे कोठेही नाही. मायामीचे हिरवे, गुलाबी, निळे रंग पूर्ण तेजाने येतात आणि काळ्या त्वचेवरचा प्रकाश क्वचितच कोणी टिपला असेल इतक्या मायेने टिपला आहे.

उणिवा आहेत, आणि दुसऱ्या भागाविषयी वर लिहिलेच आहे. व्यसनाधीन कृष्णवर्णीय आई हे पात्र अमेरिकन पडद्यावर इतके वापरले गेले आहे की हॅरिस यांच्या ताकदीच्या अभिनयानंतरही पॉलाच्या पहिल्या दोन भागांतील प्रसंगांत तो साचा जाणवतो. लेखक आणि दिग्दर्शक दोघांनीही हे घरात पाहिलेले असल्याने त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका नाही; तरीही पॉला कामावर कशी होती, व्यसनाआधी कशी होती, याची एखादी झलक हवी होती. टेरेसाबाबत माझी तक्रार अधिक तीव्र आहे. जनेल मोने यांनी तिला ऊब आणि धाक दोन्ही दिले आहे, पण हुआन गेल्यावर ती स्वतः कशी जगली याची चित्रपट चौकशीही करत नाही, आणि तिसऱ्या भागात ती दिसतच नाही. वगळण्याची जी रीत शायरॉनच्या बाबतीत अर्थपूर्ण ठरते, ती टेरेसाच्या बाबतीत केवळ विसर पडल्यासारखी वाटते.

पुरस्कारांविषयी थोडक्यात. २६ फेब्रुवारी २०१७ रोजी झालेल्या ऑस्कर समारंभात चुकीचे पाकीट हाती गेल्यामुळे आधी दुसऱ्याच चित्रपटाचे नाव जाहीर झाले आणि नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान ‘मूनलाइट’ला मिळाला. अली यांना सहायक अभिनेत्याचा आणि जेंकिन्स व मॅक्रेनी यांना आधारित पटकथेचा पुरस्कारही मिळाला. पाकिटाच्या गोंधळाची चर्चा इतकी झाली की समलिंगी नायक केंद्रस्थानी असलेल्या आणि सर्व प्रमुख पात्रे कृष्णवर्णीय असलेल्या चित्रपटाला हा मान प्रथमच मिळाला, ही खरी बातमी त्या रात्री मागे पडली. नॅट सँडर्स यांच्याबरोबर संकलन करणाऱ्या जॉय मॅकमिलन या त्या विभागात नामांकन मिळवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री ठरल्या, हेही नोंदवले पाहिजे, कारण या चित्रपटात कोठे थांबायचे आणि काय गाळायचे हा सगळा प्रश्न शेवटी संकलनाच्या टेबलावरच सुटलेला आहे.

शिवराळ भाषा, मादक द्रव्ये आणि शाळेतील मारहाण यांमुळे लहान मुलांसोबत पाहण्याजोगा हा चित्रपट नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींनी मात्र तो घरातल्या कोणा मोठ्या माणसाबरोबर जरूर पाहावा. पात्रांची बोली इंग्रजी जाणणाऱ्यांनाही पटकन कळणार नाही, म्हणून उपशीर्षके सुरू ठेवावीत, आणि ध्वनी शक्य तितका चांगला असावा, कारण श्वास, वारा आणि लाटा यांना येथे संवादांइतकेच काम आहे. १११ मिनिटांचा हा चित्रपट तीन भागांत विभागलेला आहे म्हणून तो तीन बैठकांत पाहण्याचा मोह होईल, तो टाळावा. दोन भागांमधला काळा पडदा काही क्षणांचाच आहे. तेथे दिवसभराचा खंड पडला, तर हुआनच्या मृत्यूचा आणि बदललेल्या शरीराचा धक्का बोथट होतो, आणि शेवटच्या कबुलीमागची दहा वर्षे प्रेक्षकाच्या मनात साठतच नाहीत.